दुसऱ्या खेपेचा श्रोता

१८९५ साली लंडनमधल्या एका घशाच्या डॉक्टरने संगीत महोत्सवाला पैसे दिले आणि अट घातली : पट्टी उतरवा.

डॉक्टरांचं नाव जॉर्ज कॅथकार्ट. त्यांच्याकडे गळे बसलेले गायक येत. त्या काळी इंग्लंडमधले वाद्यवृंद युरोपातल्या इतर वाद्यवृंदांपेक्षा चढ्या पट्टीत वाजवायचे. फरक अर्ध्या सुराहूनही कमी, पण रोज वरच्या सुरात झगडणाऱ्या गळ्याला तेवढाही पुरतो. इकडे क्वीन्स हॉलचे व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन यांना उन्हाळ्यात रोज रात्री मैफली भरवायच्या होत्या. वाद्यवृंद चालवायला हेन्री वुड हा सव्वीस वर्षांचा तरुण मिळाला होता, अडलं होतं ते पैशापाशी. कॅथकार्टनी पैसे दिले, उतरत्या पट्टीची नवी फुंकवाद्यं घेण्यासाठीही दिले. आज जगभर ‘प्रॉम्स’ म्हणून ओळखला जाणारा महोत्सव असा उभा राहिला.

गेली काही वर्षं मी छोट्या-मोठ्या संगीत समारंभांच्या मांडवामागे लुडबुड करतो आहे. प्रायोजकांच्या अटी बऱ्याच ऐकल्या. आमच्या बोधचिन्हाचा आकार इतका हवा, पहिल्या रांगेतले आठ सोफे आमचे, मध्यंतरात आमच्या साहेबांचे दोन शब्द (ते दोन कधीच नसतात). गायकाच्या गळ्याला सोसेल अशी पट्टी ठेवा, असं म्हणणारा एकही भेटला नाही. ध्वनिव्यवस्था चांगली ठेवा, एवढं म्हणणाराही नाही.

पैसा कोणी द्यावा यावर आपल्याकडे वाद होतात. सरकारने द्यावा, उद्योगांनी द्यावा, रसिकांनी द्यावा. तो पैसा नेमका कशावर खर्च व्हावा, हे मात्र कोणी फारसं विचारत नाही. माझ्या मते शास्त्रीय संगीताच्या, मग ते ख्यालाचं असो की ऑपेराचं, महोत्सवाला मिळणाऱ्या सार्वजनिक पैशाचं काम एकच आहे : एकदा येऊन गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा आणणं. पहिल्या खेपेचा श्रोता फुकट पास, मोठं नाव, मित्राचा आग्रह, कशानेही येतो. तो परत आला नाही, तर त्याच्यावर केलेला खर्च वाया गेला.

न्यूमनना हे कळलं होतं. सुरुवातीला लोकांना आवडेल, सोपं वाटेल असं वाजवायचं आणि हळूहळू पातळी चढवत न्यायची, असा त्यांचा बेत. असा बेत बरेचजण आखतात. न्यूमनची खरी हुशारी तिकिटात होती. उभं राहून किंवा हिंडत ऐकायचं तिकीट एक शिलिंग. अख्ख्या मोसमाचं तिकीट एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. एकवीस रात्रींच्या पैशांत मोसमभर रोज या! दर सोमवारी वाग्नर आणि दर शुक्रवारी बेथोव्हन या संगीतकारांच्या रचना असा रिवाजही पुढे पडला, म्हणजे आपल्याला झेपेल तो वार धरून माणूस येऊ शकायचा. खाण्यापिण्याला, सिगारेट ओढायला मुभा होती. कानाला वळण लागायचं तर कान तिथे पुन्हा पुन्हा जायला हवेत, आणि त्यासाठी पाय तिकडे वळणं सोपं हवं, इतकाच त्यातला हिशेब.

त्या हिशेबाने नफा झाला, असं मात्र नाही. १९०२ साली न्यूमनचं दिवाळं निघालं. मग एडगर स्पायर हा बँकवाला पुढे आला. तो जन्माने जर्मन कुटुंबातला. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव असणं हाच गुन्हा ठरला आणि त्याला देश सोडावा लागला. त्यानंतर एका संगीत-प्रकाशक कंपनीने भार उचलला आणि १९२७ मध्ये, लोकांच्या परवाना शुल्कावर चालणाऱ्या बीबीसीने. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळून गेला, महोत्सव रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गेला. म्हणजे डॉक्टर, सावकार, प्रकाशक आणि शेवटी परवाना शुल्क भरणारा सामान्य माणूस, असे चार आश्रयदाते बदलले. एक गोष्ट टिकली ती उभ्याने ऐकायची जागा. अलीकडच्या मोसमांत ती ८ पौंडांना मिळते, आणि ती कुठे आहे म्हणाल तर वाद्यवृंदाच्या पुढ्यात. उंची जागांचे लोक मागे आणि वर, आठ पौंडवाला व्हायोलिनवाल्याच्या कपाळावरचा घाम दिसेल इतका जवळ.

व्हिएन्नाच्या ऑपेराघरातही उभ्याने ऐकणाऱ्यांचा असाच जुना मान आहे. महागड्या खुर्च्यांच्या लगेच मागे, रंगमंचासमोर कठड्याला टेकून उभं राहायचं. आत शिरल्यावर लोक कठड्याला आपला मफलर बांधून जागा धरतात आणि निवांत बाहेर जाऊन येतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या आपल्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सर्वांत स्वस्त जागा सर्वांत वाईट असलीच पाहिजे असा काही निसर्गनियम नाही. आपण तो नियम करून ठेवला आहे. पहिल्यांदा आलेल्या पोराला सर्वांत मागे, कर्ण्याच्या थेट तोंडाशी किंवा खांबाआड बसवायचं आणि घरी गेल्यावर म्हणायचं, नव्या पिढीला गोडी नाही. पुढच्या सोफ्यावर प्रायोजकाचे पाहुणे पहिला ख्याल संपायच्या आत उठून जेवायला जातात. रिकामे सोफे मात्र तसेच ठेवायचे, कारण ते ‘त्यांचे’ आहेत. मला विचाराल तर गायकासमोरचा रिकामा सोफा हा अपमान आहे, आणि तो मागच्या माणसाचाही आहे.

आता ऑपेराकडे येऊ, कारण पैशाचा प्रश्न तिथे उघडावाघडा दिसतो. ख्यालाच्या मैफलीला मंचावर पाच-सहा माणसं लागतात. ऑपेराला गायक, समूहगायक, साठ-सत्तरांचा वाद्यवृंद, नेपथ्य, कपडे, पडद्यामागची फौज. १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी याचं मर्म सांगून ठेवलं : कारखान्यात यंत्रं सुधारतात तसं एका माणसाच्या हातून जास्त काम निघतं, पण शुबर्टची चौघांनी वाजवायची रचना आजही चौघांनीच आणि तितकाच वेळ वाजवावी लागते. पगार मात्र बाहेरच्या जगाबरोबर वाढतात. म्हणून ही कला दरवर्षी तुलनेने महाग होत जाते, कोणी उधळपट्टी केली नाही तरी. विलंबित झुमऱ्यासारख्या संथ तालातला ख्याल दुप्पट लयीत गाऊन खर्च निम्मा करता येत नाही.

इंग्लंडच्या दक्षिणेला ग्लाइंडबोर्न नावाच्या जमीनदारी वाड्यात जॉन क्रिस्टी आणि त्यांची गायिका पत्नी ऑड्री मिल्डमे यांनी १९३४ साली ऑपेरा महोत्सव सुरू केला. आज तिथे साधारण १२०० खुर्च्यांचं नाट्यगृह आहे. लोक संध्याकाळचा ठेवणीतला पोशाख करून येतात, मध्यंतर दीड तासाचं, हिरवळीवर चादर पसरून जेवण. वरची तिकिटं दोनशे पौंडांच्या पुढे. उन्हाळ्याच्या या महोत्सवाला सरकारी अनुदान नाही; तिकिटं, सभासद आणि देणग्या यांवर तो चालतो. हे ऐकून आपले काही मित्र लगेच म्हणतात, बघा, चांगली कला स्वतःच्या पायावर उभी राहते.

थोडं थांबा. याच संस्थेने १९६८ साली फिरती मंडळी काढली. तरुण गायकांना भूमिका मिळाव्यात आणि ज्यांना वाड्यावर येणं परवडत नाही त्यांच्या गावी ऑपेरा जावा म्हणून. त्या दौऱ्याला सरकारी पैसा होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्ट्स कौन्सिल इंग्लंडने नवं वाटप जाहीर केलं आणि ग्लाइंडबोर्नचं वर्षाचं सुमारे १६ लाख पौंडांचं अनुदान निम्म्यावर आणलं. पुढच्याच वर्षी दौरा बंद. लिव्हरपूल, नॉरिच, मिल्टन कीन्स, कँटरबरी या गावांत होणारे खेळ झाले नाहीत. हिरवळीवरची जेवणं चालू राहिली. वेल्श नॅशनल ऑपेराचंही अनुदान तेव्हाच एक तृतीयांशाने कापलं गेलं आणि त्यांनीही लिव्हरपूल वगळलं. एकाच फटक्यात त्या शहराने दोन ऑपेरा गमावले. आणि हे सगळं का, तर म्हणे पैसा लंडनबाहेर न्यायचा होता!

यातून मी जे शिकलो ते असं : सरकारी पैसा काढून घेतला तर श्रीमंतांची कला मरत नाही, ती मजेत जगते. मरतो तो दौरा. म्हणजे सरकारी पैशाने काय विकत घेतलं जात होतं हे पाहायचं असेल, तर कपात झाल्यावर काय बंद पडलं ते पाहावं. ग्लाइंडबोर्नमध्ये सरकारचा पैसा लिव्हरपूलच्या एखाद्या शिक्षिकेची खुर्ची विकत घेत होता.

त्याच वाटपात इंग्लिश नॅशनल ऑपेराचं प्रकरण आणखी कडू आहे. या संस्थेचं मूळ लिलियन बेलिस या बाईंच्या कामात. थेम्सच्या दक्षिणेकडच्या कष्टकरी वस्तीत, त्यांच्या मावशीने दारूबंदीच्या प्रचारासाठी चालवलेल्या नाट्यगृहात त्यांनी स्वस्तात ऑपेरा लावला, तोही इंग्रजीत, लोकांना कळेल असा. पुढे त्यातूनच ही संस्था आली. अगदी अलीकडे तिने एकवीस वर्षांखालच्यांना तिकीट फुकट केलं. नव्या श्रोत्यांसाठी जे जे करा म्हणून सांगितलं जातं ते ते केलं. तरी वर्षाला १ कोटी २६ लाख पौंडांचं नियमित अनुदान बंद, आणि वर ‘लंडन सोडा, मग बघू’ हा निरोप. ओरड झाल्यावर काही पैसे परत मिळाले, मँचेस्टर हे नवं ठाणं ठरलं, पण तोवर माणसांची वाताहत झाली.

इथे माझ्याच युक्तिवादाला तडा जातो, तो लपवण्यात अर्थ नाही. कला समाजोपयोगी आहे म्हणून पैसे द्या, असं एकदा म्हटलं की सरकार उपयोग मोजायला बसतं. आणि उपयोगच मोजायचा तर रस्ता आणि दवाखाना संगीताला नेहमीच हरवणार. म्हणून ‘आउटरीच’च्या, म्हणजे कला नव्या लोकांपर्यंत नेण्याच्या, नावावर कलेसाठी पैसे मागणं धोक्याचं आहे, असं म्हणणारे आहेत आणि ते मूर्ख नाहीत. मला त्यावर एवढंच म्हणायचं आहे की आउटरीच हे अनुदान मिळवण्याचं निमित्त झालं की ते खोटं होतं. तो महोत्सवाचाच गाभा असला तर त्याचा अहवाल वेगळा लिहावा लागत नाही.

खोटं कसं होतं ते मी एकदा जवळून पाहिलं. एका महोत्सवाच्या वतीने आम्ही शहराच्या कडेच्या एका शाळेत गेलो. सहावी ते आठवीची पोरं पत्र्याच्या सभागृहात मांडी घालून बसवलेली. मागे बॅनर. गायिका तरुण, गुणी; तिने भूप राग गायला घेतला. पाच मिनिटांत पोरांची चुळबुळ थांबली, हे मी शपथेवर सांगतो. मग तिने एक सरगम मुलांकडून म्हणवून घेतली, आणि तिसऱ्या रांगेतली एक मुलगी डोळे मिटून, हाताने मांडीवर ताल धरून, अगदी सुरात म्हणत होती. गायिकेचंही तिच्याकडे लक्ष गेलं. तेवढ्यात आमच्यातल्या एकाने घड्याळ दाखवलं, फोटो व्हायचा होता. फोटो झाला, मुलांना बिस्किटाचे पुडे वाटले, आम्ही निघालो. अहवालात ‘३२० विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलो’ असं लिहिलं. त्या मुलीचं नाव कोणी विचारलं नाही. मीही नाही. पुढच्या वर्षी वेगळी शाळा निवडली, कारण प्रायोजकाला ‘नवीन लाभार्थी’ हवे होते.

हा शब्दच पाहा, लाभार्थी. रेशनचं धान्य वाटल्यासारखा भूप वाटायचा.

याउलट १८९० च्या आसपास मुंबईत आलेल्या इटालियन ऑपेरा कंपनीने आउटरीच वगैरे काही केलं नव्हतं. लुकाझिन रिबेरो नावाच्या गोव्याच्या माणसाने त्यांचा खेळ पाहिला, त्याला वेड लागलं, आणि तो पडदा ओढायच्या कामावर त्या कंपनीत लागला. गावोगाव त्यांच्याबरोबर फिरला. रोज विंगेतून तेच तेच पाहिलं. कंपनीने टाकायला काढलेले कपडे विकत घेतले आणि १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत ‘इटालियन भुरगो’ हा कोकणी खेळ उभा केला. तियात्राचा, म्हणजे गोव्याच्या कोकणी संगीत नाटकाचा, इतिहास तिथून मोजतात. रिबेरोचं तिकीट कोणी माफ केलं म्हणून हे झालं नाही. त्याला रोज रात्री आत असायला मिळालं, म्हणून झालं.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे. भीमसेनजींनी गुरूच्या पुण्यतिथीला सुरू केलेला, आर्य संगीत प्रसारक मंडळाने चालवलेला. त्याचा मोठेपणा मी मंचावरच्या नावांवरून मोजत नाही. मोठं काम केलं ते भारतीय बैठकीने. सतरंजी, उशी, शाल, थर्मास. पाय आखडले तर पसरा, झोप आली तर आडवे व्हा, वडा खाऊन या, बडा ख्याल चालू असेल तर परत येईपर्यंत तो चालूच असतो. खुर्चीत बसलेल्या माणसावर ‘आपल्याला कळलं पाहिजे’ असं एक दडपण असतं. बैठकीवर बसलेल्यावर ते नसतं. आणि सगळ्या दिवसांचं एकत्र तिकीट काढलेला माणूस आवडत्या कलाकारासाठी येतो आणि नावडत्यासाठीही बसून राहतो. नावड मोडते ती अशीच. न्यूमनच्या गिनीचं आणि आपल्या या बैठकीचं नातं सख्खं आहे.

रात्रभराच्या मैफली गेल्या, याचं दुःख मलाही आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत. नियम योग्य आहे, शेजारच्या घरातल्या आजारी माणसाला दरबारी रागाचं काय कौतुक! पण त्याबरोबर दुकान बंद करून, जेवून, अकराला येणारा श्रोताही गेला. त्याच्यासाठी बंदिस्त सभागृहात एखादी रात्र करता येईल. खर्च वाढेल. सार्वजनिक पैसा अशा ठिकाणी लागला तर मला आनंद आहे.

उद्योगांच्या पैशाचं म्हणाल तर त्यातली एक गंमत बऱ्याच आयोजकांच्या ध्यानात येत नाही. कंपनी कायद्याप्रमाणे सामाजिक दायित्वाचा दोन टक्के निधी कला आणि संस्कृतीसाठी देता येतो. पण जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही. म्हणजे कायद्यानेच दोन खिसे वेगळे केले आहेत. मंचावरचा फलक जाहिरातीच्या खिशातून यावा. त्याने मोठी नावं आणा, मांडव सजवा, माझी हरकत नाही. दुसऱ्या खिशातला पैसा मात्र फलकाशिवाय, शांतपणे, एकाच शाळेत सलग पाच वर्षं जावा. एक शिक्षक, एक पेटी, एक तबल्याची जोडी, आणि दर डिसेंबरला त्याच मुलांना बैठकीची जागा, तीही पुढची. आयोजक कंपन्यांकडे जाताना ही मांडणी घेऊन जात नाहीत, दोन्ही खिसे एकाच ताटात मागतात. तिकिटांवरही कर आहे : माणशी ५०० रुपयांपर्यंतचं तिकीट जीएसटीतून मुक्त, त्यापुढे १८ टक्के. ही मर्यादा २०१८ पासून तीच आहे. तेवढी वाढवून घेण्यासाठी सगळे महोत्सव एकत्र येऊन सरकारकडे गेले, तर ते अनुदान मागण्यापेक्षा सोपं काम आहे.

आणि दौरा. डिसेंबर-जानेवारीत देशभरचे कलाकार पुण्या-मुंबईत येतात, गातात आणि विमानाने जातात. कोल्हापूरची देवल क्लब ही गायनसंस्था १८८३ पासूनची आहे. मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या आवारात कलाकार हजेरी लावतात, तिथे कोणाला तिकीट विचारत नाहीत. जिल्ह्याजिल्ह्यांत म्युझिक सर्कलं आहेत, त्यातली निम्मी एखाद्या निवृत्त प्राध्यापकाच्या पेन्शनवर तगून आहेत. मोठ्या महोत्सवाला शासनाने एक रुपया द्यायचा तर तो या अटीवर द्यावा की कलाकार त्याच आठवड्यात अशा दोन ठिकाणी गाईल, आणि प्रवासाचा व बिदागीचा फरक त्या रुपयातून जाईल. आमच्या जुन्या नाटक मंडळ्या सामानाच्या पेट्यांसकट गावोगाव जात होत्या. राजाश्रय मिळाला तरी पोट दौऱ्यावरच भरायचं.

माझ्या आजीने सवाईत नेलेल्या वह्या माझ्याकडे आहेत. चाळीस पानी, शाळेच्या. पहिल्या वर्षीच्या पानांवर रागांची नावं नाहीत. ‘पहिलं गाणं फार छान. दुसरं लांबलं. थंडी.’ दुसऱ्या वर्षी एका ओळीत ‘यमन?’ असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह आहे, ते दोनदा गिरवलेलं. मग खाली दुसऱ्या शाईत, बहुधा आजोबांना विचारून, ‘नाही, कल्याणातलाच पण वेगळा’. चौथ्या वर्षीच्या वहीत प्रश्नचिन्हं मोजकीच. सहाव्या वर्षी एका मोठ्या गायकाच्या नावापुढे तिने ‘पूरिया, पण आज निषाद लागला नाही’ असं सरळ लिहून टाकलंय, आणि लगेच खाली, ‘दशम्या पुरल्या नाहीत, उद्या चार जास्त’.